इंजेक्शन उजव्या डोळ्याला, लेझर डाव्याला आणि भांडण घरात

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"मावशी, आमची आई ६४ वर्षांची, शुगर १८ वर्षांपासून. दोन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा हलका झटका येऊन गेला, आता चालतीये बोलतीये. उजव्या डोळ्याने अंधुक दिसतं म्हणून मिरजेला रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवलं. फाइलवर लिहिलंय उजव्या डोळ्याला पीएसटी टीए ४० एमजी आणि डाव्याला पीडीआर, पीआरपी लवकर. म्हणजे उजव्याला डोळ्याच्या बाजूने स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि डाव्याला लेझर. उजव्याची नजर ६/२४ आहे, डाव्याची ६/९. दादा म्हणतो स्टिरॉइड नकोच, त्याने डोळा जातो. वहिनी म्हणते इंजेक्शन देऊ पण मग डाव्यालाही तेच द्या, चांगल्या डोळ्यावर लेझर कशाला मारायचं. मामांनी फॉरवर्ड पाठवलाय की डोळ्याच्या मागे सहा महिन्यांतून एकदा स्टिरॉइड दिलं की वाईट रक्तवाहिन्या सुकून जातात, लेझर लागतच नाही. (मामांना स्वतःला काचबिंदू आहे, थेंब चालू असतात, त्यामुळे त्यांना डोळ्यातलं कळतं असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.) आईला चार वर्षांपूर्वी गुडघ्यात स्टिरॉइड दिलं होतं तेव्हा शुगर ३५० च्या वर गेली होती, त्यामुळे ती घाबरलीये. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं नाही. पुढच्या मंगळवारी बोलावलंय. काय करू? – कोरेगावची लेक"

अगं लेकी, आधी नेहमीचं सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, रेटिनाच्या ओपीडीत काउन्सेलर म्हणून २२ वर्षं बसले, लोकांना फाइलवरची ती कोंबडीच्या पायांची अक्षरं समजावून सांगायची आणि इंजेक्शनच्या वेळी हात धरून उभं राहायचं एवढंच माझं काम. औषध बदलायचं, थांबवायचं हे मी सांगणार नाही. पण तुमच्या घरातलं भांडण मात्र मी शंभर वेळा ऐकलंय, आणि दर वेळी ते चुकीच्या डोळ्यावरून चालू असतं.

तुम्ही सगळे उजव्या डोळ्यावरून भांडताय कारण त्याने आईंना कमी दिसतं. आणि डाव्याला "चांगला डोळा" म्हणताय कारण त्याने ६/९ दिसतं. फाइल वाचून मला जो डोळा घाबरवतोय तो डावा आहे.

नीट समजून घे. शुगर इतकी वर्षं असली की डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि त्या दोन वेगळ्या तऱ्हेने त्रास देतात. एक म्हणजे गळतात. त्यातलं पाणी पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तिथे साचतं आणि सूज येते, मग सरळ ओळ वाकडी दिसते, अक्षरं पुसट होतात. तुझ्या आईच्या उजव्या डोळ्यात हे झालेलं दिसतंय. नजर लगेच कमी होते म्हणून माणूस लगेच डॉक्टरकडे जातो, एका अर्थी बरंच म्हणायचं. दुसरी तऱ्हा अशी की जुन्या वाहिन्या बंद पडत जातात, पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, आणि तो उपाशी पडदा एक रसायन सोडतो ज्याला डॉक्टर व्हीईजीएफ म्हणतात, त्याच्या हाकेने नव्या वाहिन्या फुटायला लागतात. नव्या म्हटलं की चांगल्या वाटतात ना, पण या भलत्याच नाजूक, वेड्यावाकड्या, नको तिथे वाढणाऱ्या. विहिरीच्या भिंतीत पिंपळ उगवतो बघ, तसं. विहिरीत पाणी छान दिसत असतं, वापरताही येत असतं, आणि आत मुळं दगड सुटे करत असतात. पीडीआर म्हणजे हे. यात नजर शेवटपर्यंत चांगली असू शकते, आणि मग एक दिवस सकाळी उठल्यावर डोळ्यासमोर काळे धागे, कोळ्याचं जाळं, नाहीतर लाल पडदाच, म्हणजे आत रक्त उतरलं. पुढे त्याच वाहिन्यांबरोबर चिवट जाळी तयार होते, ती पडदा ओढून सोडवते, आणि मग मोठं ऑपरेशन.

आता वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप आलं का बघ. बाजूने द्यायचं स्टिरॉइड भिंतीची ओल कमी करतं. गळती कमी करतं, सूज उतरवतं. मुळं फुटलेला पिंपळ ते काढत नाही. त्यामुळे "डाव्यालाही तेच द्या" म्हणजे ताप आलाय म्हणून दिलेली गोळी मोडलेल्या हाताला देण्यासारखं आहे. डाव्याला जे लिहिलंय, पीआरपी, ते पडद्याच्या कडेकडेच्या उपाशी भागावर लेझरचे बारीक ठिपके मारतात, एकूण हजाराच्या वरच ठिपके, बहुतेक दोन-तीन बैठकांत. तो भाग ऑक्सिजन मागायचा थांबतो, रसायन कमी होतं, नव्या वाहिन्या आक्रसतात. हे काही कालचं शास्त्र नाही, अमेरिकेत १९७० च्या दशकात मोठा अभ्यास झाला होता त्यात लेझर केलेल्या डोळ्यांत नजर अगदी जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. लेझरने नजर वाढत नाही हे मात्र खरंय, आणि लोक इथेच चिडतात, "एवढं करून फरक काय पडला?" फरक हाच की आहे ती राहते. रात्रीचं आणि कडेचं थोडं कमी होऊ शकतं, तेही आधी सांगितलेलं बरं. "लेझरने डोळा जळतो" हे जे गावात बोलतात ते याच ठिपक्यांवरून आलंय, आणि खोटं बोलत नाहीत ते, जळतंच, पण कडेचं, मुद्दाम, मधलं वाचवायला.

कुणी सांगेल की आता डाव्या डोळ्यात लेझरऐवजी व्हीईजीएफ रोखणारी, डोळ्याच्या आतली इंजेक्शनं पण देतात. देतात, २०१५ मध्ये तसा अभ्यास आला आणि निकाल लेझरच्या तोडीचे होते. पण त्यात दर महिन्याला वगैरे यावं लागतं, आणि मध्ये पेशंट गायब झाला, लग्नसराई आली, पाय मोडला, की तोच डोळा नुसत्या इंजेक्शनवर असेल तर लेझरवाल्यापेक्षा वाईट बिघडतो. कोरेगाव ते मिरज, आईला झटका येऊन गेलेला, बरोबर यायला एक माणूस सुट्टी काढून. डॉक्टरांनी लेझर लिहिलं ते मला शहाणपणाचं वाटतं.

आता मामांचा फॉरवर्ड. तो वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण त्यामागे एक खरी गोष्ट आहे आणि ती साधारण वीस वर्षं जुनी. अ‍ॅनेकॉर्टेव्ह अ‍ॅसिटेट नावाचं औषध होतं, अल्कॉन कंपनीचं. कॉर्टिसॉलच्याच रेणूत बदल करून ते असं बनवलं होतं की स्टिरॉइडचे नेहमीचे परिणाम, म्हणजे डोळ्यातलं प्रेशर वाढणं, मोतीबिंदू, हे व्हायला नकोत आणि नव्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबवण्याचा गुण तेवढा राहावा. कल्पना खरंच सुंदर होती. १५ मिलिग्रॅम औषध, सुईने नाही तर बोथट वाकड्या नळीने डोळ्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या आवरणावर नेऊन ठेवायचं, सहा महिन्यांतून एकदा. पण ते होतं मुख्यतः वयामुळे पडदा झिजून होणाऱ्या आजारासाठी, ज्याला वेट एएमडी म्हणतात, शुगरच्या डोळ्यासाठी नव्हे. त्या वेळच्या प्रचलित लेझरसारख्या उपचाराशी (त्यात आधी शिरेतून औषध देऊन मग प्रकाश टाकायचे) तुलना केली तेव्हा आपण त्याच्या तोडीचे आहोत हे त्याला पक्कं सिद्ध करता आलं नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ मध्ये मंजुरी अडवून आणखी पुरावा मागितला, २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब हे डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन आलं ज्याने लोकांची नजर नुसती टिकली नाही तर कितीतरी जणांची वाढली, आणि २००८ मध्ये कंपनीने या आजारासाठी त्या औषधाचा नाद सोडला. म्हणजे मामांचा मेसेज म्हणजे लागून गेलेल्या सिनेमाचं पोस्टर. आईंना जे लिहिलंय ते ते नव्हेच. ते ट्रायमसिनोलोन, टीए म्हणजे तेच.

आणि आईंना हे ऐकून धक्का बसेल, पण गुडघ्यात बहुतेक हेच औषध दिलं असणार, आपल्याकडे सांध्यात सर्रास देतात ते. डोळ्याच्या भोवती हे औषध डॉक्टर स्वतःच्या अनुभवावर आणि अभ्यासांवर वापरतात, त्याचा जन्म काही डोळ्यासाठी झालेला नाही. हे लपवण्यासारखं नाही, तसंच घाबरण्यासारखंही नाही.

पीएसटी म्हणजे पोस्टेरियर सबटेनॉन. डोळ्याच्या गोळ्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं, टेनॉन नावाच्या फ्रेंच सर्जनने १८०६ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. त्या आवरणाच्या आत पण गोळ्याच्या बाहेर, मागच्या बाजूला औषध सोडतात आणि ते तिथून हळूहळू झिरपत राहतं, साधारण तीनेक महिने. म्हणजे "डोळ्यात सुई" नाही, डोळ्याच्या शेजारी. आधी बधिर करायचे थेंब टाकतात, बीटाडिनने धुतात (हे चुरचुरतं, आई ओरडल्या तर ते यासाठीच), मग बहुतेक वेळा खाली नाकाकडे बघायला सांगतात आणि वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून देतात. दुधासारखं पांढरं औषध असतं. दाब जाणवतो, भरल्यासारखं वाटतं, माझ्या अनुभवात बायका म्हणायच्या "एवढंच होय?" आणि पुरुष बाहेर येऊन बाकावर आडवे व्हायचे. एकच नियम, त्या अर्ध्या मिनिटात डोळा हलवायचा नाही, खोकला येत असेल तर आधी सांगायचं.

मग हेच का, आतलं का नाही? सूजेसाठी आज पहिली पसंती असते ती डोळ्याच्या आत देतात त्या व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांना, बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण झटका येऊन दोनच महिने झालेत, आणि ते औषध थोडंफार रक्तातही जातं, म्हणून बरेच डॉक्टर झटक्यानंतरचे पहिले काही महिने ते टाळतात. माझा अंदाज असा की तुमच्या डॉक्टरांनी मधल्या काळासाठी हा पूल बांधलाय. पण अंदाजच आहे, तू त्यांना सरळ विचार, "हे झटक्यामुळे का, आणि नंतर आतलं इंजेक्शन सुरू करणार का?" कारण खरं सांगायचं तर बाजूचं इंजेक्शन आतल्यापेक्षा कमजोर. २००७ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, थोडी सूज पण नजर चांगली अशा डोळ्यांमध्ये, त्यात बाजूच्या इंजेक्शनाने फारसा फायदा दिसला नाही. आईंची नजर ६/२४ म्हणजे चांगली नाहीये, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, पण चमत्काराची अपेक्षा ठेवून जाऊ नका. चार-सहा आठवड्यांनी ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करतील, त्यात सूज किती उतरली ते आकड्यात कळतं, आजचा ओसीटीचा कागद जपून ठेव म्हणजे शेजारी ठेवून बघता येईल.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं ते. दादा म्हणतो स्टिरॉइडने डोळा जातो. दादा अर्धा बरोबर आहे. सुईने जात नाही, नंतर कुणी प्रेशर तपासायला गेलं नाही म्हणून जातो. स्टिरॉइडने काही लोकांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं, थोड्याथोडक्यांचं नाही, आणि ज्यांच्या सख्ख्या नात्यात काचबिंदू आहे त्यांच्यात जास्त. तू कंसात टाकून दिलंस ना, मामांना काचबिंदू आहे म्हणून, ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे गं! मामा म्हणजे आईंचा सख्खा भाऊ. मामांचा सल्ला घेऊ नका, पण मामांचा काचबिंदू डॉक्टरांना सांगितल्याशिवाय खुर्चीत बसू नका. त्यांनी कदाचित विचारलंही असेल आणि आई "नाही" म्हणाल्या असतील, कारण आपल्याकडे "घरात कुणाला?" म्हटलं की लोक फक्त सासरचं सांगतात, हे मी हजार वेळा बघितलंय. आणि हेही सांगा की आईंनी कधी खाज येते म्हणून मेडिकलमधून आणून थेंब टाकलेत का, त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं आणि तेव्हा काही त्रास झाला होता का.

हे वाढलेलं प्रेशर दुखत नाही. डोळा लाल होत नाही. औषध तीन महिने आत बसलेलं असतं म्हणून प्रेशर आठवड्याने नॉर्मल आलं आणि सहाव्या आठवड्यात चढलं असं होतं. नॉर्मल म्हणजे साधारण १० ते २१. तेव्हा मंगळवारी इंजेक्शनआधीचा आकडा वहीत लिहून घे, आणि डॉक्टर ज्या ज्या तारखा देतील त्या सगळ्या, मध्ये "आईला बरं दिसतंय, कशाला जायचं" असं न करता. मिरज दर वेळी जमणार नसेल तर विचारा की मधलं प्रेशर साताऱ्याला कुठे मोजून फोनवर कळवलं तर चालेल का, बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, फक्त आधी विचारावं लागतं. वाढलंच तर बहुतेक वेळा थेंबांवर भागतं, क्वचितच पुढे ऑपरेशनपर्यंत जातं. मोतीबिंदूचं म्हणशील तर उजव्याचं ऑपरेशन झालंय, तिथे तो परत होत नाही, ती एक काळजी वजा.

शुगरचं गुडघ्याइतकं होईलच असं नाही पण होऊ शकतं. इंजेक्शननंतर आठवडाभर घरी मशीनवर सकाळची आणि जेवणानंतरची बघा, शुगरच्या डॉक्टरांना आधीच कळवून ठेवा, त्या आठवड्यात सत्यनारायणाचा प्रसाद जरा बेताने. झटक्यानंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील, त्या इंजेक्शनसाठी स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, अजिबात नाही, फक्त डॉक्टरांना यादी दाखवायची. आणि बीपी. इंग्लंडमध्ये शुगरवाल्यांचा एक मोठा अभ्यास होता, १९९८ मध्ये निकाल आले, बीपी कडक सांभाळलेल्यांमध्ये पडदा बिघडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. बीपीची गोळी आईंच्या मेंदूसाठी आहेच, ती डोळ्यासाठी पण आहे असं सांगितलं तर कदाचित विसरणार नाहीत.

इंजेक्शननंतर डोळा एका बाजूला लालभडक दिसला, दुखत नसेल, तर ते सुईच्या जागी रक्त आलंय, आठ-पंधरा दिवसांत जातं. वरची पापणी काही आठवड्यांनी थोडी पडल्यासारखी दिसू शकते, बहुतेकदा आपली आपण सुधारते, झटका परत आला म्हणून घर डोक्यावर घेऊ नका, पण नुकताच झटका येऊन गेलाय तेव्हा पापणीबरोबर तोंड वाकडं, हातात ताकद कमी, बोलणं अडखळत असेल तर मात्र थेट दवाखाना. डोळ्यात ठणका वाढत गेला, नजर आणखी कमी झाली, पू आला, तर त्याच दिवशी मिरजेला फोन. आणि डाव्या डोळ्यासमोर अचानक काळे धागे तरंगायला लागले तर तारखेची वाट बघायची नाही.

डॉक्टरांना मंगळवारी हेही विचार की डाव्याचं लेझर कधी, त्याच दिवशी पहिली बैठक होईल का. लेझरने कधी कधी मधली सूज वाढते म्हणून ते काही आधी-नंतर ठरवतील, ते त्यांना ठरवू दे, पण "बघू नंतर" म्हणून घरी येऊ नका. उजव्याचं इंजेक्शन दोन आठवडे पुढे गेलं तर मला एवढं वाटणार नाही. डाव्याचं गेलं तर वाटेल.

निघताना जुनी फाइल, ओसीटी, गोळ्यांची यादी आणि गुडघ्याच्या इंजेक्शनचा कागद सापडला तर तो, एवढं घे. मामांना बरोबर नेलंस तरी चालेल, त्यांच्या थेंबांची बाटली डॉक्टरांना दाखवता येईल.